घरात कुणाला डेरिफायलिन चालू असेल तर औषधं या मेडिकलमधून घ्या

पाचपैकी पाच स्टार देतेय, आणि जरा लांबलचक लिहितेय कारण ज्यांच्या घरी सीओपीडीचा (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुफ्फुसाचा आजार) किंवा जुन्या दम्याचा पेशंट आहे त्यांना याचा खरंच उपयोग होईल. पुण्यात टिळक रोडच्या मागच्या गल्लीतलं हे मेडिकल बाहेरून अगदी साधं, एक शटर, एक काच, आत लाकडी कपाटं. पण इथे काउंटरवर ज्या फार्मासिस्ट मॅडम असतात त्या औषध देण्याआधी पेशंट कोण आहे ते विचारतात. माझं सगळं म्हणणं एवढ्याच गोष्टीवर आहे. गोळी तीच, पॉवर तीच, पण ती कोणाच्या पोटात जातेय त्यावर तिचं पुढे काय होणार ते ठरतं, आणि फुफ्फुसाच्या औषधांमध्ये तर हे फारच.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सत्तरी ओलांडलेले, अंगाने बारीक, उभा जन्म छापखान्यात गेला आणि बिडी कायम सोबतीला. सीओपीडी निघाल्यालाही आता बरीच वर्षं झाली. पंप आहेत, सोबत डेरिफायलिन रिटार्डची गोळी आहे जी निम्म्या महाराष्ट्रात दम्याची गोळी म्हणूनच ओळखली जाते. त्यात एटोफायलिन आणि थिओफिलीन अशी दोन औषधं असतात. आता थिओफिलीन हा प्रकार असा आहे की उपयोगी पडणारा डोस आणि त्रास देणारा डोस यात अंतर फार कमी. रक्तातली पातळी पूर्वी १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली ठेवायचे, आता बरेच डॉक्टर ५ ते १५ मध्येच ठेवतात, आणि २० च्या वर गेलं की मळमळ, उलट्या, हात थरथरणं, छातीत धडधड, झोप उडणं हे सुरू होतं, त्याच्याही वर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, फिट येऊ शकते. म्हणजे किराणा सामानासारखी यादी दिली आणि पिशवी घेतली असं करण्यातलं हे औषध नाही.

या मेडिकलमध्ये येण्याआधीचं सांगते. अण्णांना लघवीचं इन्फेक्शन झालं होतं, दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं (नाव लिहीत नाही), त्यांनी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहिलं, तिथल्याच खालच्या मेडिकलवाल्याने ते दिलं, आधी काय चालू आहे हे दोन्हीकडे कोणी विचारलं नाही. दोन दिवसात अण्णांच्या हातातला चहाचा कप बशीवर वाजायला लागला, जेवण बघितलं तरी मळमळायचं, रात्री दोन वाजता उठून बसायचे आणि म्हणायचे छातीत काहीतरी पळतंय. आम्हाला वाटलं इन्फेक्शनच वाढलंय. शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी दोन्ही स्ट्रिप शेजारी शेजारी ठेवल्या आणि लगेच कळलं. सिप्रोफ्लॉक्सासिन लिव्हरमधल्या ज्या एन्झाइमला (औषध मोडणाऱ्या प्रथिनाला) अडवतं त्याच एन्झाइमवर थिओफिलीन शरीरातून बाहेर पडायला अवलंबून असतं. नाव सीवायपी १ए२. ते अडलं की रोजचीच गोळी रक्तात साठत जाते, डोस न वाढवताच डोस वाढतो. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकनीही साठतं, अॅसिडिटीचं जुनं सिमेटिडीन आणि डिप्रेशन, ओसीडीसाठी (तेच तेच विचार, त्याच त्याच कृती सुटत नाहीत तो मनाचा आजार) देतात ते फ्लूवॉक्सामिन यांच्यानेही. उलट अॅझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनचा तसा फारसा अडथळा होत नाही. म्हणजे पर्याय होते, फक्त कोणीतरी विचारायला हवं होतं. मला अजूनही त्याचा राग येतो.

त्यानंतर एका ओळखीच्यांनी हे दुकान सांगितलं आणि पहिल्याच वेळी फरक कळला. मॅडमनी प्रिस्क्रिप्शन घेतलं, बाजूला ठेवलं आणि एक जाड वही उघडली, लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार जमाखर्चाला वापरतात तसली. प्रत्येक पेशंटचं एक पान. डावीकडे औषधं, आणि उजवीकडे वय, वजन, बिडी-सिगारेट, पाय सुजतात का, शुगर, लघवीला त्रास, किडनीचा रिपोर्ट, टीबी झाला होता का, आणि सध्या दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांचं काही चालू आहे का. मला ते उजवं पान बघूनच बरं वाटलं, कारण इतक्या वर्षांत हे सगळं एका जागी कोणी लिहून ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं.

आणि त्याच पानामुळे पुढचं झालं. गोळ्या संपल्या म्हणून अण्णांना घेऊन गेले होते, मॅडमनी स्ट्रिप काढली आणि सवयीने विचारलं, काका, बिडी किती होते आता दिवसाला? अण्णा एकदम ताठ होऊन म्हणाले, सोडली की, संक्रांतीपासून हात लावलेला नाही. मॅडमचा हात स्ट्रिपवरच थांबला. म्हणाल्या, फार छान केलंत, पण थांबा जरा, मी डॉक्टरांना फोन करते. अण्णा गोंधळले, अहो सोडली म्हणजे चांगलंच झालं ना? त्या म्हणाल्या, चांगलंच आहे काका, परत बघूसुद्धा नका तिच्याकडे, पण ही गोळी बिडी चालू असताना ठरलेली होती.

हे मला नवीन होतं आणि तुमच्यापैकी अनेकांना असेल म्हणून सांगते. बिडी-सिगारेटच्या धुरात जे जळके घटक असतात ते लिव्हरला तो एन्झाइम जास्त बनवायला लावतात. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर सगळे काउंटर उघडले की गाड्या कशा भराभर निघतात, तसं धूर ओढणाऱ्या माणसाच्या शरीरातून थिओफिलीन भराभर बाहेर पडतं. न ओढणाऱ्या धडधाकट माणसात रक्तातलं औषध निम्मं व्हायला साधारण ८ तास लागतात, ओढणाऱ्यात ४ ते ५ तासच. म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो आणि डॉक्टर तो तसा ठरवतात. मग माणूस बिडी सोडतो, आठवडाभरात जादा उघडलेले काउंटर बंद व्हायला लागतात, आणि गोळी मात्र तेवढीच चालू राहते. साधारणपणे डोस पाव ते एक तृतीयांश कमी करायची वेळ येते. अण्णांच्या डॉक्टरांनी फोनवर डोस बदलला आणि थिओफिलीन लेव्हलची रक्ततपासणीही करून घ्यायला सांगितली.

यात अजून एक बारीक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. अण्णा म्हणाले, बिडी नाही पण थोडी तंबाखू मळतो अधूनमधून, मग निकोटीन तर जातंच आहे की आत. मॅडमनी समजावलं की या एन्झाइमचा आणि निकोटीनचा संबंध नाही, संबंध धुराचा आहे. त्यामुळे बिडी सोडून तंबाखू धरली, मिश्री लावली किंवा निकोटीनचं च्युइंगगम घेतलं तरी गोळीच्या हिशेबात धूर बंद म्हणजे बंदच, डोस बघावाच लागतो. तंबाखूने तोंडाचं काय होतं ते त्यांनी वेगळं आणि चांगलंच सुनावलं. आणि याच्या उलटंही असतं, म्हणजे हॉस्पिटलमध्ये आठ-दहा दिवस ॲडमिट असताना आपोआप बिडी बंद असते, तेव्हा डोस ठरतो, घरी येऊन माणूस परत ओढायला लागतो आणि मग गोळी पुरत नाही, घरचे म्हणतात औषध लागू पडत नाहीये.

वही भरताना पाय सुजतात का हे का विचारता, असं मी नंतर मुद्दाम विचारलं. सीओपीडी जुना झाला की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, ती बाजू थकली की लिव्हरमध्ये रक्त तुंबतं आणि लिव्हरचं काम मंदावतं. मग जे औषध ८ तासांत निम्मं व्हायचं त्याला कधीकधी २० तासांहून जास्त लागतात. लिव्हर सिरोसिसमध्येही तसंच. साठीनंतर तर निरोगी माणसातही हे औषध बाहेर टाकायचा वेग कमी झालेला असतो. फ्लूसारख्या जोराच्या तापातही तो मंदावतो. आता हे सगळं एकत्र करून बघा, आपल्याकडे काय होतं, म्हाताऱ्या माणसाला ताप येतो, दम वाढतो, पाय सुजलेले, आणि घरातलंच कोणीतरी प्रेमाने म्हणतं एक गोळी जास्त घ्या आजच्या दिवस. नेमकं त्याच दिवशी शरीर ते औषध सगळ्यात हळू बाहेर टाकत असतं. कृपा करून हे करू नका. आणि रिटार्ड गोळी कुटून, चुरून देऊ नका, ती हळूहळू विरघळावी म्हणूनच तशी बनवलेली असते, कुटली की बरंचसं औषध एकदमच सुटतं. वजनाचं पण तसंच, हे औषध चरबीत फारसं जात नाही म्हणून जाड माणसाचा डोस काट्यावरच्या आकड्याने नाही, उंचीला साजेशा वजनाने बघतात.

खरं सांगायचं तर थिओफिलीन हे आता सीओपीडीचं पहिल्या पसंतीचं औषध राहिलेलंच नाही. गोल्ड नावाची जी जागतिक मार्गदर्शिका आहे तिच्यात म्हटलंय की श्वासनलिका उघडणारी दुसरी दीर्घकाळाची औषधं मिळत नसतील किंवा परवडत नसतील तरच हे द्यावं. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या दीड हजारांहून जास्त पेशंटवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात पंपातल्या स्टेरॉइडसोबत कमी डोसचं थिओफिलीन देऊनही दम उफाळून येण्याचं प्रमाण कमी झालं नाही. पण परवडण्याचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे, ही गोळी स्वस्त आहे आणि गावागावात मिळते, त्यामुळे ती चालूच राहणार, आणि म्हणूनच ती देताना विचारणारं माणूस हवं. मॅडमनीही हे लपवलं नाही, उलट म्हणाल्या पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा ही गोळी अजून लागते का.

पंपांच्या बाबतीतही हे दुकान वेगळं आहे. अण्णा रोटाहेलरमधून, म्हणजे पावडर तोंडाने ओढायच्या छोट्या यंत्रातून, कॅप्सूल घ्यायचे. मॅडमनी त्यांना दुकानातच घ्यायला लावली आणि मग ते यंत्र उघडून रिकामी कॅप्सूल ट्यूबलाइटसमोर धरली. पारदर्शक कॅप्सूलच्या अर्ध्या टोपीत पांढरी पावडर तशीच चिकटलेली. महिनोन् महिने आम्ही पैसे देत होतो आणि औषध यंत्रातच राहत होतं! पावडरचं औषध फुफ्फुसात पोचायला माणसाने स्वतःच्या जोराने, एकदम आणि खोल ओढायला लागतं, त्याला मागून ढकलणारं काही नसतं. म्हातारपणात, अंग बारीक झालेलं असताना, दम भरलेला असताना तो जोरच कमी पडतो. याउलट स्प्रेचा पंप हळू आणि लांब श्वासाने ओढायचा असतो आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावला की हाताचा आणि श्वासाचा ताळमेळ चुकला तरी चालतं. लोक बरोबर उलटं करतात, पावडर हळू ओढतात आणि स्प्रे जोरात. मॅडमनी डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली, कॅप्सूलमध्ये पावडर राहतेय, स्पेसरचा विचार करावा अशी, आणि डॉक्टरांनी तसं बदललं. आता अण्णा जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबत नाहीत असं म्हणणार नाही, थांबतात, पण पूर्वीसारखे पायरीवर बसत नाहीत.

पंप नीट घेतला तरी साधारण १० ते २० टक्के औषधच फुफ्फुसात जातं, बाकीचं बरंचसं घशात चिकटून पोटात. स्टेरॉइडच्या पंपाला लोक घाबरतात ते या पोटातल्या भागामुळे, पण तो भाग लिव्हर अडवतं, फ्लुटिकासोन या पंपातल्या स्टेरॉइडचा गिळलेला भाग तर १ टक्काही रक्तात पोचत नाही. चूळ भरून थुंकायला सांगतात ते तोंडात बुरशी येऊ नये म्हणून, आणि तेवढंच कमी गिळलं जावं म्हणूनही. पण लिव्हरची ही राखण सीवायपी ३ए४ नावाच्या दुसऱ्या एन्झाइमवर आहे, आणि बुरशीसाठीचं इट्राकोनॅझोल किंवा एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाविर चालू असेल तर तो एन्झाइम बंद पडतो आणि पंपातलं फ्लुटिकासोन किंवा ब्युडेसोनाइड हे दुसरं स्टेरॉइड अंगात साठतं. चेहरा सुजतो, शुगर वाढते, आणि कोणाला पंपाची शंकाही येत नाही. माझ्यासमोर एका बाईंच्या पानावर मॅडमनी हे इट्राकोनॅझोल पकडलं आणि पंप देण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

टीबीबद्दल का विचारतात तेही लिहिते कारण आपल्याकडे टीबी होऊन गेलेले आणि मग दम लागणारे लोक खूप आहेत. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन लिव्हरचे एन्झाइम वाढवतं, त्यामुळे प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर त्याचा परिणाम घटतो, डॉक्टरांना डोस वाढवावा लागतो. मग टीबीचा कोर्स संपतो, सगळे आनंदात असतात, आणि वाढवलेला डोस परत खाली आणायची आठवण राहत नाही. वहीत कोर्स संपायची तारीख लिहिलेली असेल तर राहते.

किडनीचं वेगळं. टायोट्रोपियमचा (श्वासनलिका उघडणारं औषध) पंप घेणाऱ्यांच्या अंगात शिरलेलं औषध मुख्यतः लघवीवाटे जातं, म्हणून किडनी कमजोर असेल तर लक्ष ठेवावं लागतं, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना त्याने लघवी अडायची भीती असते. अण्णांना मुलीसमोर हे बोलायची लाज वाटत होती, मॅडमनी मला हळूच बाहेरून पाण्याची बाटली आणायला पाठवलं आणि तेवढ्यात विचारून घेतलं.

सगळे पेशंट बिडीवाले नसतात हेही या दुकानात पाळलं जातं. बायकांना दम लागतो म्हटलं की लोकांना आधी ॲलर्जीच वाटते. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला होता, त्यात चुलीच्या धुरावर भर आहे. मॅडमच्या वहीत बायकांच्या पानावर चूल किती वर्षं असा कॉलम आहे. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

एक स्पष्ट करते, या मॅडम स्वतःच्या मनाने काहीही बदलत नाहीत. डोस कमी-जास्त करत नाहीत, गोळी बंद करत नाहीत, कोणी म्हटलं की तुम्हीच सांगा काय घेऊ तर नाही म्हणतात. विचारतात, लिहितात, डॉक्टरांना फोन करतात, आणि डॉक्टरांचं उत्तर वहीत तारखेसकट उतरवतात. मला वाटतं हे असंच हवं.

आता अडचणी. वेळ लागतो, भरपूर लागतो. संध्याकाळी सातनंतर गेलात तर तुमच्या पुढे चार माणसं असतील आणि प्रत्येकाची चौकशी होईल, घाईत असाल तर चिडचिड होते, मागच्या महिन्यात एक गृहस्थ रागाने निघून गेले ते मी पाहिलं. घरपोच देत नाहीत. ऑनलाइन ॲपवर मिळतं तेवढं डिस्काउंट इथे नाही, आमचं महिन्याचं बिल थोडं जास्तच होतं आणि मी ते आनंदाने देते. गाडी लावायला जागा नाही, टिळक रोडवर किंवा स.प. कॉलेजच्या बाजूला कुठेतरी लावून चालत या, पेशंट बरोबर असेल तर रिक्षाच बरी, दुकानासमोर उतरता येतं. आत बसायला दोनच खुर्च्या आहेत, ज्यांना दम लागतो त्यांना उभं राहणं जड जातं, अजून दोन ठेवाव्यात अशी माझी मालकांना विनंती आहे. आणि दुसरी विनंती, मॅडम सुट्टीवर असतात तेव्हा जो मुलगा बसतो तो वही उघडत नाही, नुसती औषधं देतो. त्यालाही शिकवा.

पहिल्यांदा जाणार असाल तर सकाळी अकराच्या सुमारास जा, गर्दी नसते. घरातल्या सगळ्या चालू औषधांच्या स्ट्रिप न्या, आयुर्वेदिक काही असेल तर त्याची बाटलीही, शेवटचा किडनी-लिव्हरचा रिपोर्ट न्या, पंप न्या, आणि शक्य असेल तर पेशंटलाच न्या, कारण बिडीचं खरं उत्तर तेच देऊ शकतात.